आमदारांची सभा तारेपाशी गेली

पुण्यातलं अधिवेशन अर्ध्यावर आलेलं असताना आमचे आमदार सोलापूरला आले, ते काही आपण होऊन नव्हे. आम्ही चारपाच पोरांनी पत्रक काढलं होतं: ‘मतं नेलीत, आता काय केलंत ते येऊन सांगा!’ मजकूर माझा. मंत्र्यासंत्र्यांची भीड मी तेव्हाही धरत नव्हतो, आजही धरत नाही.

स्टेशनवर उतरताच आमदारांनी विचारलं, “पत्रक तुमचं का? झणझणीत आहे. पण सभेत मला बोलू देणार ना, की तुम्हीच बोलणार?”

सभा गिरणीमागच्या मैदानात होती. आमच्या गावात कुणाला घड्याळातली वेळ सांगितली तर तो विचारतो, “म्हणजे कुठल्या भोंग्याला?” म्हणून पत्रकात छापलं होतं, ‘दिवसपाळी सुटल्याचा भोंगा झाल्यावर’. गिरणीवाले, घरी माग चालवणारे, विड्या वळणाऱ्या बाया, सगळ्यांना ती वेळ सोयीची. एका वस्तीला ती सोयीची नव्हती, आणि ते आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

त्या वस्तीला सगळे ‘तार’ म्हणतात. काही जमाती इंग्रज सरकारने जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि शहराच्या कडेला तारेच्या कुंपणात आणून ठेवल्या. दिवसभर ही माणसं आमच्या शेजारी उभी राहून गिरणीत राबतात. दिवेलागणीआधी आत जाऊन हजेरी द्यायची. परगावी जायचं तर पास लागतो. चोरी केलेली नसताना! आमदारांच्या भाषणात हा विषय होता, पण अगदी शेवटी. त्यावरून मी टांग्यात त्यांच्याशी भांडलो.

“शेवटी म्हणजे वेळ उरला तर, असंच ना?”

“शेवटचं लोकांच्या लक्षात राहतं,” ते म्हणाले.

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. आमदारांनी एक वाक्य बोलायचं, मग एका विणकराने ते तेलुगूत सांगायचं, मग दुसऱ्याने कानडीत. मराठीत नुसतं ‘प्रयत्न चालू आहेत’ असलं, तरी तेलुगूत ते भलतंच लांबायचं. पुढे बसलेली एक विडीवाली शेजारणीला मोठ्याने म्हणाली, “अक्का, तुमच्या तेलुगूत लई काम झालंय की!” सगळे हसले. आमदारही हसले.

पण माणूस सरळ बोलला. सुताचा भाव, गिरणीतल्या बायांची बाळंतपणाची रजा, दारूबंदी. एकेका गोष्टीबद्दल काय मांडलं, काय अडलं, उरलेल्या दिवसांत कशाचा आग्रह धरणार. मी चुका काढायला टपलो होतो. माझी पेन्सिल तशीच राहिली.

तेवढ्यात तारेतली घंटा वाजली.

उजव्या बाजूची माणसं उठली. एकदोन नव्हे, सगळी बाजूच उठली. मी ओरडलो, “अहो, बसा! तुमचाच विषय येतोय!”

एक प्रौढ बाई थांबली. गिरणीत ती बॉबिनं भरायला असते. म्हणाली, “तुमी बसा. आमाला हजेरी हाय.” मग खाली बघत म्हणाली, “लेक करमाळ्याला हाय. पहिलटकरीन, दिस भरल्यात. पासाचा अर्ज दिलाय, तर म्हनत्यात पुन्याला गेलाय. साहेबास्नी तेवढं इचारायचं व्हतं. ऱ्हायलं.”

आणि ती गेली. उशीर झाला तर शिक्षा.

आमदार पाणी प्यायले आणि पुढचा विषय काढणार, तोच मघाची विडीवाली उभी राहिली. “ज्यांचं सांगणार ते गेले. मग आमास्नी सांगून काय? तिकडं चला की!”

ठराव नाही, अनुमोदन नाही. मैदान उठलं. कुणी टेबल उचललं, कुणी खुर्ची डोक्यावर घेतली. तेलुगू, कानडी, दख्खनी, सगळी बोलणी एका वाटेने चालायला लागली. या लोकांना ‘जागे व्हा’ म्हणून मी महिनोन्महिने पत्रकं छापत होतो. आता मीच त्यांच्या मागे धावत होतो. आमदारांना पुढे जायला वाटसुद्धा सापडेना.

तारेपाशी पोचलो तेव्हा आत हजेरी सुरू झाली होती. अधिकारी नाव पुकारायचा, रांगेतून उत्तर यायचं, “हाय.” पुन्हा नाव, पुन्हा “हाय.” म्हातारं माणूस, तरणी पोर, कडेवर लेकरू घेतलेली बाई. बाहेर एवढी गर्दी, पण खोकण्याचासुद्धा आवाज नाही. ‘हजेरी’ हा शब्द मी कितीदा ठळक अक्षरांत छापला असेल; ऐकली ती पहिल्यांदा. आमदारांनी टोपी काढून हातात धरली होती.

त्या बाईचं नाव आलं.

“हाय,” ती म्हणाली. “पाहिजे तितं न्हाय.”

अधिकाऱ्याने मान वर केली. “नुसतं हाय म्हणायचं!”

“काय झालं, मावशी?” आमदारांनी तारेबाहेरून विचारलं. तिने सांगितलं. मला सांगितलं होतं तेवढंच, तसंच.

“साहेब, अर्ज पुण्याला गेलाय,” अधिकारी म्हणाला. “उत्तर नाही आलं.”

“मी पुण्याहूनच आलोय. आता इथे उभा आहे. हे सगळेही उभे आहेत. आम्हाला कुणालाच घाई नाही.”

अधिकाऱ्याने आमदारांच्या मागे पाहिलं. दिसेल तिथवर माणसंच होती. त्याने दौत पुढे ओढली आणि पास लिहिला.

फाटकातून बाहेर आल्यावर ती आमदारांपुढे थांबली. “साहेब, परत येस्तवर ह्यो कायदा जाईल का?”

मी असतो तर हो म्हणालो असतो. असल्या वेळी सगळेच म्हणतात.

“नाही, मावशी,” ते म्हणाले. “या अधिवेशनात तो विषय निघणारसुद्धा नाही. पुढच्या वेळी निघावा म्हणून भांडेन. होईलच असं सांगत नाही.”

दोघा विणकरांनी सवयीने ते तेलुगूत सांगितलं, कानडीत सांगितलं. या वेळी तेलुगू लांबलं नाही. तो नकार गर्दीच्या टोकापर्यंत गेला, आणि कुणी शिटी वाजवली नाही की पाठ फिरवली नाही.

“म्हंजे परत यावं लागंल,” ती म्हणाली.

“यावं लागेल.”

तिने मान हलवली आणि पास कनवटीला खोचला. जेऊरपर्यंत गाडी, तिथून पुढे करमाळा. गर्दी दुभंगली, थेट रस्त्यापर्यंत. जयजयकार नाही, घोषणा नाही. विडीवालीने फडक्यात बांधलेली भाकरी तिच्या हातात कोंबली. रस्त्यावर एक टांगेवाला आधीच घोडा वळवून उभा होता.

“बैठो अम्मा,” तो म्हणाला, “पैसे नक्को. तुमारी बेटी की...”

“बोलत बसू नगंस,” ती चढता चढता म्हणाली. “हाक.”