एका बॉयलरच्या दोन पाट्या

“माह्या बॉयलरची पंधरा लाख गरमी कोनं खाल्ली?”

शेठजी बॉयलरपुढे उभे राहून ओरडत होते आणि मी लावलेली नवी पाटी छत्रीच्या टोकानं ठोकत होते. गोष्ट सत्तरच्या दशकातली. पवनीजवळच्या एका उकड्या तांदळाच्या मिलमध्ये मी सुपरवायझर होतो. धान आधी वाफेवर उकडायचं, वाळवायचं, मग भरडायचं. वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरच्या भट्टीत भुसा टाकायला फायरमन सुदामभाऊ.

बॉयलर तासाला किती उष्णता देतो, ते पूर्वी बीटीयू या मापात लिहीत. जुन्या पाटीवर वीस लाख होते. पुढं ‘सगळे आकडे मेट्रिकमध्ये करा’ असं सरकारी पत्र आलं, म्हणून मी ते किलोकॅलरीत बदलले. एका किलोकॅलरीत जवळजवळ चार बीटीयू मावतात. वीस लाखांचे झाले पाच लाख चार हजार. हिशेब दोनदा तपासला, टिनाची पाटी रंगवून टांगली आणि मोठा तीर मारल्यासारखा जेवायला गेलो. तेवढ्यात शेठजी आले.

“शेठजी, गरमी तेवढीच आहे. फक्त माप बदललं.”

“वीस लाख होते का नोहोते?”

“होते. पण ते लहान मापाचे. आपण धान पायलीनं मोजलं काय, खंडीनं मोजलं काय...”

“धान दिसते जी. गरमी दाखवा मले.”

आता उष्णता काय परातीत काढून दाखवू? मी डिप्लोमाचं पुस्तक आणलं, कोष्टक उघडून धरलं. शेठजींनी चष्माही लावला नाही.

“हे पुस्तक लिहिनाऱ्यानं माह्या मिलीचा बॉयलर पाह्यला का?”

नव्हता पाहिला. मी पुस्तक मिटलं. मग शेठजी सुदामभाऊकडे वळले.

“सुदाम, तू भुसा कमी टाकून राहिला. म्हनून गरमी उतरली. उद्यापासून येऊ नको आन् खोली खाली कर.”

मिलमागची एक खोली, तेवढंच सुदामभाऊंचं घर. त्यांची मुलगी तिथं बसून मॅट्रिकचा अभ्यास करत होती आणि परीक्षा महिन्यावर होती. पाटी मी बदलली आणि घर त्यांचं चाललं होतं.

सुदामभाऊंनी दुपट्ट्यानं हात पुसले. “शेठजी, चालवून पाहू ना जी. एकडाव जुनी पाटी लावून, एकडाव नवी. जिच्यानं वाफ लवकर येईन, ते खरी.”

मी कपाळाला हात लावला. पाटी बदलून बॉयलरला काय फरक पडणार? पण शेठजींना ते एकदम पटलं.

“पहिले कोनती लावता?”

“जुनी,” सुदामभाऊ म्हणाले. “मोठीचा मान पहिला.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर थंडगार असताना शेठजी खुर्ची, नारळ आणि गजराचं घड्याळ घेऊन आले. नारळ फुटला. जुनी पाटी तारेनं बांधली. सुदामभाऊ भुशाच्या टोपल्या टाकू लागले. शेठजी स्वतः मोजत होते, धान मोजताना मोजतात तसंच, एकाच्या जागी ‘लाभ’ म्हणत, ‘लाभ, दोन, तीन’. वाफेचा काटा खुणेवर यायला सव्वादोन तास लागले.

मग वाफ सोडली. काटा शून्यावर आला. काटा शून्यावर म्हणजे सगळंच शून्यावर, अशी शेठजींची समजूत. नवी पाटी बांधली. तार नीट आवळली की नाही, हे त्यांनी स्वतः ओढून पाहिलं. पस्तीस मिनिटांत आणि जेमतेम चौथाई टोपल्यांत काटा खुणेवर!

शेठजी ताडकन उठले. “अरे, हा पाच लाखवाला तर लवंगी मिरची निंघाला!”

माझ्यातला डिप्लोमा जागा झाला. भट्टीच्या विटा तापलेल्या, पाणी आतून उकळीला टेकलेलं, मग दुसऱ्यांदा वाफ लवकर येणारच. मी तोंड उघडलं, “पण शेठजी, बॉयलर आधीच...”

सुदामभाऊंची टायरची चप्पल माझ्या पायावर पडली. चांगली जोरात पडली. “साहेब, तुमची पाटी चांगली निंघाली ना? मंग?”

मी मान डोलावली.

“सुदाम, खोली राहू दे,” शेठजी म्हणाले. “आन् ते जुनी पाटी फेकून दे. इतके साल माहा भुसा खाऊन राहिली होती.”

दुपारी चहा पिताना मी विचारलं, “सुदामभाऊ, तुम्हाला आधीच माहीत होतं?”

“साहेब, पहिल्या पोळीले तवा तापवा लागते. दुसरीले आयता भेटते. हे घरच्या बाईले बी माहीत आहे.”

मुलगी त्याच खोलीतून मॅट्रिक झाली. सुदामभाऊंनी मला पेढा दिला.

ऐंशी साल उलटल्यावर पुन्हा पत्र आलं. आता किलोवॅट. पाच लाख चार हजारांचे झाले फक्त पाचशे शहाऐंशी. मी भीतभीतच पाटी टांगली. शेठजींनी ती दोनदा वाचली, दोन पावलं मागं सरकले आणि हळूच म्हणाले, “सुदाम, भुसा जरा बेतानं टाक. हा छप्पर उडवीन.”

हिशेब बरोबर असला की काम भागतं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. त्यानंतर मात्र कुठलाही आकडा बदलण्याआधी मी सुदामभाऊंना विचारून घेई, बॉयलर तापलाय का?