अव्वांच्या खाटेवरचा दिवा

आमच्या हॉलमध्ये एलईडीचे दिवे बसले तेव्हा ते अव्वांसाठी आहेत असं मी सगळ्यांना सांगितलं. नणंदेला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, आणि ह्यांना तर इतक्यांदा की शेवटी हेच मला ते पटवून द्यायला लागले. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. घरात सगळे त्यांना अव्वाच म्हणतात. मी मुळात कमी बोलते, त्यामुळे मी बोलेन ते लोकांना खरंच वाटतं. म्हणून आता खरं लिहून टाकते. दिवे मला हवे होते.

दिवाळी झाली आणि अव्वांनी एकच धोशा लावला, की घरात अंधार लई हाय. त्यांची खाट हॉलच्या कोपऱ्यात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. तेवढ्यात टेंभुर्णीहून नणंदेचा फोन आला, अव्वाला आमच्याकडे पाठवा, आमचा हॉल दोन्ही बाजूंनी मोकळा आहे. अव्वा लगेच हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. ह्यांचा चेहरा उतरला. कामावरून आल्यावर चपला काढायच्या आधी आईच्या खाटेशी जाऊन उभं राहायची ह्यांची सवय. ती खाट रिकामी दिसेल या कल्पनेनंच ह्यांना जेवण जाईना. अव्वा राहणार की जाणार, घरात दुसरा विषय नव्हता.

मी म्हणाले, आपण सीलिंग करून घेऊ, भरपूर दिवे लावू.

एवढ्या तत्परतेनं मी माहेरीसुद्धा कधी काही मागितलं नसेल. कुणाच्या वास्तुशांतीला गेले की लोक देवघर बघायचे, मी छत बघायची. मोबाईलमध्ये नातवंडांचे फोटो ठेवावेत तसे मी दुसऱ्यांच्या सीलिंगचे फोटो ठेवले होते. आणि आमच्या हॉलमध्ये काय, तर एक ट्यूब आणि तिच्या कडेला अडकून मेलेले किडे.

दुकानात निघताना हे म्हणाले, अव्वालाही रिक्षातून नेऊ, तिच्यासाठीच घेतोय ना. मी म्हणाले, ऊन किती आहे, दमतील. ऊन होतंच म्हणा. सोलापुरात ऊन नाही असं कधी असतं? पण मला त्या नको होत्या. मला निवांत निवडायचं होतं.

त्या दुकानाचं छत म्हणजे नुसती जत्रा. गोल दिवे, चौकोनी दिवे, पट्टीसारखे लांबच लांब दिवे, आणि सगळे पेटलेले. मान दुखेपर्यंत मी वर बघत राहिले. दुकानदारानं एकाच बटणावर तीन रंग दाखवले. बटण एकदा दाबलं की पांढरा, बंद करून पुन्हा दाबलं की पिवळा, आणखी एकदा दाबलं की मधला. पिवळ्यात माझ्या हातातल्या बांगड्या सोन्याच्या वाटल्या, पांढऱ्यात काचेच्या. तरी मी म्हणाले, पांढराच लावायचा, भगभगीत पाहिजे. दुकानदार म्हणाला, “वहिनी, हॉल आहे की क्रिकेटचं मैदान?” मी हसले आणि पट्टीचे दिवे आणखी वाढवून घेतले.

मग घरात पांढऱ्या धुळीचं राज्य आलं. असतील नसतील तेवढ्या चादरी सामानावर टाकल्या. अव्वांना आतल्या खोलीत बसवलं. मला धुळीचा त्रास आहे, पण त्या दिवसांत एक शिंकही आली नाही. वायरमन शिडीवर चढला की मी खाली उभी. दिवे कुठे बसवायचे ते मी फोटो दाखवून सांगितलं. चार कोपऱ्यांत चार, अगदी सारख्या अंतरावर.

वायर जोडून झाल्यावर त्यानं तपासणी सुरू केली. टक, दिवे लागले. टक, गेले. टक, पिवळे. आमच्याकडे संध्याकाळी दिवा लागला की हात जोडायची पद्धत आहे. अव्वा आतून उंबऱ्याशी येऊन बसल्या होत्या, आणि दरवेळी दिवे लागले की हात जोडत होत्या. वायरमन अवघडला. म्हणाला, अव्वा, हे नुसतं टेस्टिंग हाय. अव्वा म्हणाल्या, “लक्ष्मीला काय म्हायती, तुझं टेस्टिंग हाय का खरं हाय? तू दाब की, मी जोडतीया.” तो बिचारा मग हात आखडता घेऊन बटणं दाबायला लागला.

संध्याकाळी खाट जागेवर आली, सगळे दिवे लावले, आणि मला आमचा हॉल ओळखू येईना. शेजारणी बघून गेल्या. एकीनं विचारलं, केवढ्याला पडलं? मी म्हणाले, अव्वांसाठी केलं हो.

अव्वा खाटेवर पदर नाकापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ह्यांना टेंभुर्णीला फोन लावायला सांगितला. जावयाला म्हणावं, रविवारी गाडी घेऊन या.

ह्यांनी फोन लावला आणि न जेवता कामावर गेले. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. खाट गेली की त्या कोपऱ्यात एक उभा दिवा छान दिसेल, असं आलं. क्षणभरच. पण आलं. मग दिवसभर मला त्या हॉलमध्ये वर बघवेना.

दुपारी अव्वा न्हाणीघरात गेल्या तेव्हा मी त्यांच्या खाटेवर जाऊन आडवी झाले. का, ते नाही सांगता येणार. उठून बटण दाबलं, पुन्हा आडवी झाले. चार कोपऱ्यांतल्या चारांपैकी एक दिवा नेमका माझ्या डोळ्यांत. सुई टोचावी तसा. आम्ही सगळे त्या हॉलमध्ये उभे राहून छत बघत होतो. झोपून बघणारं घरात एकच माणूस होतं, आणि त्यालाच मी घरी ठेवून दुकानात गेले होते.

अव्वा भिंत धरत धरत आल्या आणि खाटेवर मला बघून थांबल्या.

“अव्वा,” मी म्हणाले, “हे दिवे मी तुमच्यासाठी नाही लावले. मला पाहिजे होते.”

“म्हायती हाय की. माझ्यासाठी असतं तर मला दुकानात नेलं असतंस.”

रागानं नाही, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या. मला रडू येईल असं वाटलं, पण त्यांनी वेळच दिला नाही. “ऊठ,” म्हणाल्या, “आदी त्यो बंद कर. साकू झालं त्याचं, पुरं.” मग मी विचारलं, तुम्ही अंधार म्हणायचात तो नेमका कुठला? त्यांनी मला हाताला धरून नेलं. खाटेपासून न्हाणीघरापर्यंतचा बोळ, तिथला उंबरा. आणि वाती वळायला बसलं की पाठीमागच्या जुन्या ट्यूबमुळे हातावर पडायची ती त्यांची स्वतःचीच सावली. बस्स, इतकंच. सीलिंगचं नावही नाही.

वायरमनला परत बोलावलं. यावेळी शिडीखाली अव्वा उभ्या, काठी वर करून. खाटेवरचा दिवा काढायला लावला, तो समोरच्या भिंतीला खाली लावला. बटण दाबून दाबून तिन्ही रंग बघितले, स्वतःच्या तळहातावर कापूस ठेवून. पिवळा ठरला. “वात दिसती आन् डोळं दुखत न्हाईत,” म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे बघून, “तुजा पांडरा तिकडं ऱ्हाऊ दे, शेजारणीस्नी दाखवायला.” वायरमन शिडीवर हसायला लागला, मीही. माझी सारखी अंतरं मोडली होती आणि मला विलक्षण आनंद होत होता.

रविवारी नणंदेचे यजमान गाडी घेऊन आले. हे एका बाजूला उभे. अव्वांनी जावयाला आधी सगळे दिवे लावून दाखवले, कुठला कशाला ते सांगितलं, जेवायला वाढायला लावलं. हात धुतल्यावर जावयांनी विचारलं, निघायचं ना मग?

“आज कसं जमंल, पाव्हणं?” अव्वा म्हणाल्या. “बोळातला दिवा बसायचा राहिलाय की. हिला काय कळतंय त्यातलं.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात गेले, वायरमनला फोन लावला आणि सांगितलं, बोळाच्या दिव्याची घाई नाही, सवडीनं या.