छतावरचे चार चेहरे आणि माझी सही

"सही करून टाका ना ताई, एका सहीनं काय होतंय?" निखिल तिसऱ्यांदा म्हणाला.

"होतंय म्हणूनच मागतोयस ना?"

कार्डिफमधल्या एका जुन्या थिएटरचं नूतनीकरण चालू होतं. निखिल नागपूरचा, तिथला प्रोजेक्ट मॅनेजर. मी प्लास्टर कन्झर्व्हेटर, म्हणजे जुनं नक्षीकाम आहे तसं टिकवणारी बाई. कागद होता कंडिशन रिपोर्ट, वस्तूच्या तब्येतीचा लेखी दाखला. त्यात आधीच टाइप करून ठेवलं होतं: काम सुमार, दुरुस्तीपलीकडचं. खाली माझं नाव. सही झाली की छतावरचे चार चेहरे स्किपमध्ये, म्हणजे राडारोड्याच्या पेटाऱ्यात जाणार आणि त्यांच्या जागी फायबरग्लासचे गुळगुळीत चेहरे बसणार.

ते चेहरे यारोमीर सरांनी केलेले. इथं शिक्षकांनाही नुसत्या नावानं हाक मारतात, पण मला ते कधी जमलं नाही. सर तरुणपणी प्रागहून आले. दिवसा थिएटरं, बँका, हॉटेलं यांची छतं सजवायचे, संध्याकाळी कॉलेजात आम्हाला शिकवायचे. पुढे कॉलेजनं तो कोर्सच बंद केला. बँका पाडल्या, हॉटेलवाल्यांनी फॉल्स सीलिंग ठोकलं. राहिले हे चार चेहरे. सर आता पंच्याऐंशीचे आहेत, आणि त्यांना साधं विचारायलाही कुणी गेलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

"पण बघा तरी," निखिल म्हणाला. एक चेहरा खाली उतरवून टेबलावर ठेवला होता. भलंमोठं नाक, डोळ्यांच्या जागी खड्डे, हनुवटी जवळजवळ नाहीच. "क्लायंट मॅडम म्हणाल्या, पोटॅटो दिसतोय."

"टेबलावर बटाटाच दिसणार. चाळीस फूट खालून बघायची वस्तू आहे ती."

उंचावरचं शिल्प मुद्दाम बिघडवावं लागतं. खालून बघताना नाक आखूड होतं, डोळे बुजतात, हनुवटी पुढे येते. म्हणून आधीच हिशेब करून नाक वाढवायचं, डोळे खोल कोरायचे, हनुवटी मागे ढकलायची. सर वर्गात कुणाचंही काम टेबलावर तपासायचे नाहीत. तुळईला टांगायला लावायचे आणि स्वतः कोटासकट जमिनीवर आडवे व्हायचे. तिथून आवाज यायचा, "कान चुकलाय." मला त्यांनी असं पडल्या पडल्या दोनदा नापास केलंय.

"मग वर टांगून दाखवू," मी म्हणाले.

"लिफ्टिंग परमिटला तीन आठवडे लागतात. मीटिंग उद्या अकराला आहे. ताई, प्लीज, मला नोकरी टिकवायचीय."

"टिकव की. तुझं नाव कुठं येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी ओळखीचे दोन रिगर घेऊन गेले. रिगर म्हणजे जड सामान वर चढवणारे लोक. जुने हुक शाबूत होते. चेन-ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी लावून चेहरा त्याच्या जागी चढवला, खाली टेप बांधून जागा मोकळी ठेवली.

अकराला क्लायंट मॅडम कॉफीचा कप घेऊन आल्या. मागे निखिल.

"हे कुणी ऑथराइज केलं?"

"मी."

"तुम्हाला तो अधिकार नाही."

"नाही. पण सही करायची की नाही, हा अधिकार माझा आहे, आणि मी करत नाहीये. आता जरा वर बघा."

कामाचे प्रखर दिवे मी बंद केले आणि थिएटरचे नेहमीचे दिवे लावले. नाक जागेवर आलं. खड्ड्यांचे डोळे झाले, वर जड पापण्या. एक बाई खाली बघत होती, उशिरा येणाऱ्या प्रेक्षकांवर वैतागल्यासारखी.

मॅडमनी कप खुर्चीच्या हातावर ठेवला. मग दोन पावलं डावीकडे सरकल्या, परत उजवीकडे आल्या.

"ही माझ्याकडेच बघतेय."

"सगळ्यांकडेच बघते. तशीच घडवलीय तिला."

चारही चेहरे राहिले. मला रिटन वॉर्निंग मिळाली आणि पुढच्या फेजचं काम दुसऱ्या कुणाला गेलं. वॉर्निंगचा ईमेल निखिलनंच पाठवला. पाठोपाठ त्याचा मेसेज आला: "ताई, तोडलंत! एक नंबर!" गेलं काम तर गेलं. परत वेळ आली तर परत टांगेन.

नवा रिपोर्ट मी स्वतः लिहिला, सही ठोकली आणि सरांना फोन केला. वाटलं, म्हातारा रडेल.

"डावीकडून दुसरी," सर म्हणाले, "तिचं नाक चुकलंय. इतकी वर्षं मला खुपतंय. आता मचाण आहेच तर दोन मिलिमीटर घासून टाक."

"नाही जमणार, सर."

"का? माझंच काम आहे ते!"

"रिपोर्टमध्ये लिहिलंय, मूळ काम, कुणीही हात लावू नये. कुणीही म्हणजे तुम्हीसुद्धा."

त्यांनी चेक भाषेत मला काहीतरी सणसणीत हासडलं आणि फोन आपटला.

जुनं काम वाचवायचं तर क्लायंटशी भांडावं लागतं, हे कोर्समध्ये शिकवतात. ज्यानं ते केलं त्याच्याशीही भांडावं लागतं, हे शिकवत नाहीत.