पहिल्या पंगतीतलं पान

सर्जापूर रोडच्या आमच्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की जगातल्या संस्कृतींचा निकाल लागायचा, आणि न्यायाधीश अर्थातच मी. अमक्यांकडे म्हातारे एकटे पडतात, तमक्यांकडे माणसं हसायचीच विसरलीत. माणूस जिथं सुखी, ती संस्कृती थोर, ही माझी कसोटी. त्या कसोटीत आमचं घराणं नेहमी पहिलं यायचं. इतक्या पिढ्या बंगळुरात काढूनही नवरात्रातला कुळधर्म आम्ही सोडला नाही, हे मी जमेल तितक्या वेळा ऐकवलं होतं.

पुण्याहून नव्यानं आलेल्या एका सहकारी मुलीनं एकदा डबा बंद करत विचारलं, "कुळधर्माच्या दिवशी तुझी आई किती वाजता जेवते?"

आम्ही पुरुष पहिल्या पंगतीला भरपेट जेवून आडवे व्हायचो. पुढचं मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या वर्षी मी आडवा झालो नाही. आईला मधुमेह, वेळेवर खा म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं, आणि ती पहाटेपासून उपाशी. आम्हाला तूप वाढतानाच ती एकदा भिंतीला टेकली होती. तीन वाजून गेले तरी तिची आवराआवर चालूच.

"आता बस," मी म्हणालो.

"स्वल्प थांब रे, झालंच," असं म्हणता म्हणता ती ओट्याला धरून खाली बसली. चेहरा घामानं भिजलेला. मी घाईनं साखरपाणी पाजलं. स्वतःची लाज वाटली, आणि त्याचा राग मी वडिलांवर काढला.

"अण्णा, देवीला हिची उपासमार हवीय का?"

"माझी आईही असंच करायची," अण्णा म्हणाले. मग वाकून त्यांनी आईच्या हातातला रिकामा पेला घेतला.

पुढच्या वर्षी अण्णांनी पूजा सकाळी लवकरच उरकली आणि पहिल्या पंगतीत आपल्या शेजारी एक पान जास्त मांडलं. वडे तळायला मी उभा होतो. आई दोनदा उठली, दोन्ही वेळा अण्णांनी तिला "बैस" म्हणून खाली बसवलं. मी कढईतून काढलेला वडा तिच्या पानात वाढला.

चाळीस वर्षं हे वडे तिनंच तळले होते. तिनं एक घास घेतला आणि चावता चावता थांबली.

"कुरकुरीत असतात होय रे हे?"