मारून राहिला

गाडी सुटायच्या आधीच मारामारी झाली. जबलपूर स्टेशनवर, जनरल डब्याच्या दारात, एका माणसानं रितेशची पेटी लाथेनं खाली ढकलली आणि माझ्या भावानं त्याच्या कानाखाली वाजवली. मग काय, कॉलर, बुक्के, शिव्या, फुटलेला ओठ. बाबांनी भावाला मागे ओढलं आणि खिडकीतून मला म्हणाले, "तिथं कोणी अंगावर आलं तर हात नको चालवू, पोरी. गळा चालव. जय भीम." आई रडून राहिली होती.

रितेश जबलपुरातल्याच अधारतालचा, माझ्याच वर्गातला. इंटर्नशिप केल्याशिवाय कॉलेज डिग्री देणार नव्हतं. जबलपुरात कुठं कुठं नाही फिरलो आम्ही! सगळीकडे एकच, "अभी नहीं दीदी, बाद में आइए." शेवटी पुण्याजवळच्या एका कारखान्यानं दोघांना हो म्हटलं. आई खूश होती, "आपल्या मराठी मुलखात चालली, भाषेची तर चिंता नाही."

कसलं काय! तिथं 'का'च्या जागी 'काहून' म्हटलं की लोक हसायचे. "करून राहिली म्हणजे काय गं? करून कुठं राहिलीस?" मीही हसायची, अन् आतून जळायची. जबलपुरात, घमापुरातल्या आमच्या गल्लीत कोण्या बाईनं "मारून राहिला वो!" म्हटलं की शेजारणी लाटणं घेऊन अनवाणी धावतात. तिथं कोणी हसत नाही.

एक दिवस मुकादमानं रितेशला चालत्या प्रेसमधून पत्र्याचे तुकडे काढायला सांगितलं. रितेश म्हणाला, "पहिले मशीन बंद करा." बस, एवढंच. मुकादमानं लोखंडी गज उचलला. पहिला घाव पाठीत, दुसरा खांद्यावर. डोकं वाचवायला रितेशनं उजवा हात वर केला, तर मग त्या हातावरच. मी मध्ये पडली तर मला भिंतीवर ढकललं. प्रेसच्या धडधडीत कोणाला ऐकू जाणार? मी धावत मुकादमाच्या वरच्या साहेबाच्या केबिनमध्ये गेली अन् जीव खाऊन ओरडली, "साहेब, मुकादम रितेशले मारून राहिला!"

साहेबानं कानाचा फोनही काढला नाही. "मारून राहिला ना? झालं मग. दोघांना पाठव इकडे."

माझं डोकंच चालेना. मारून राहिला म्हणते, अन् हा माणूस उठत कसा नाही? पुन्हा ओरडली, पुन्हा तेच. शेवटी तोंडातून हिंदी फुटली, "मार डालेगा वो उसको!" तेव्हा कुठं तो उठला. आम्ही पोचलो तर रितेश रक्तात पडलेला, अन् गज चालूच. त्याच्या हाताचा चुरा झाला होता.

चौकशीत साहेब शांतपणे म्हणाला, "ती म्हणाली मारून राहिला. म्हणजे मारून झालं होतं. मी काय करणार?" मोठ्या साहेबांनी मला समजावलं, तो म्हणतो त्याला हो म्हण, सर्टिफिकेट घे, घरी जा. मला इतका संताप आला की समोरचा पाण्याचा ग्लास मी फरशीवर आपटला. म्हटलं, "आमच्यात मारून राहिला म्हणजे मार चालू आहे. आता माझं डोकं फिरून राहिलं. संपलं का ते?" सर्टिफिकेटावर पाणी सोडलं आणि पोलिसांना तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मुकादम आत गेला. साहेबाचं काही वाकडं झालं नाही. त्याची आठवण आली की आजही मुठी वळतात.

रितेश अधारतालला परतला. मोबाइलचं दुकान आहे त्याचं, सगळी कामं डाव्या हातानं करतो. मी वर्षभरानं दुसरीकडे इंटर्नशिप केली अन् पुण्यातच राहिली. आता सफाईनं 'मारतोय' म्हणते. फोनवर घरचे चिडवतात, "चलो, पोरगी पुणेरी झाली!" चिडवू दे.

परवा शेजारच्या फ्लॅटमधून आधी भांडी आपटल्याचा आवाज आला, मग बाईची किंकाळी. मी अनवाणीच पळाली, दारावर लाथा घातल्या, अन् तोंडातून काय निघावं? "मारून राहिला वो! मारून राहिला!" दारं बंदच. घराची इतकी आठवण मला कधी आली नव्हती.

मग जिन्याजवळचं दार उघडलं. कधी ओळखही न दिलेली एक बाई लाटणं घेऊन बाहेर आली, चपला न घालता.

"कोणाले मारून राहिला वो?" ती म्हणाली. "चल!"