शेपटीतला सुटलेला टाका

सप्तापूरला साड्यांवर कसूतीचं भरतकाम करून देणाऱ्या एक अक्का आहेत. बायकोच्या साड्यांपायी मी त्यांच्याकडे वरचेवर जातो. नमुना त्या आधी कॉम्प्युटरवर रचतात. फोटो खालच्या लेयरमध्ये घ्यायचा, वरच्या कोऱ्या लेयरवर एकेका टाक्याचा एकेक चौकोन भरायचा आणि शेवटी फोटो झाकून टाकायचा. या सगळ्यात गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघणं बसत नाही.

बायकोने एका लग्नात कुणाच्या तरी पदरावरच्या हत्तींचा गुपचूप फोटो काढला. तो मी अक्कांना दिला आणि चष्मा पुसत म्हणालो, "आईच्या जुन्या साडीवरचे आहेत."

"हौद्री? हो का?" एवढंच म्हणून अक्कांनी फोटो लेयरमध्ये घेतला. मग स्वतःच्या जुन्या फाइलमधला हत्ती आणून, थोडा पारदर्शक करून, त्याच्यावर ठेवला. सोंडेवर सोंड बसली, पायांवर पाय बसले. शेपटीतला एक चौकोन रिकामा होता, तोही दोन्हीकडे तोच.

"हा टाका मी मुद्दाम सोडते," अक्का पडद्याकडेच बघत म्हणाल्या. "तुमच्या आई माझ्याकडे शिकायला यायच्या काय?"

मी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. काम मात्र त्यांनी घेतलं आणि सांगितल्या दिवशी साडी दिलीसुद्धा. हत्तींची रांग हुबेहूब तशीच आहे. फक्त शेवटच्या हत्तीला चष्मा आहे. कसूती उलट्या बाजूनेही तशीच दिसते, त्यामुळे पदर फिरवून घेण्याचीही सोय नाही.