वाल्मीकच्या वहीतला एक

वाल्मीक आज पाच वेळा संडासला गेला, आणि वहीत त्याने 'एक' लिहिलं. मघापासून तो आकडा डोळ्यांपुढून हलत नाही.

वाल्मीक माझा मुलगा, सत्तेचाळीस वर्षांचा. विंचूर-लासलगाव भागात कांदा साठवायच्या चाळी बांधतो. कॉलेज सोडून अठराव्या वर्षी छपरांवर चढला. तेव्हा सिमेंटचे पत्रे असायचे, ॲसबेस्टॉसचे. ते करवतीने कापून तो पांढराफटक होऊन घरी यायचा. मी शाळेत शिकवून आले की त्याचा शर्ट अंगणात झटकायची. ती धूळ छातीत तीस वर्षं बसून राहते हे कोणाला ठाऊक होतं?

मागच्या वर्षी त्याला जिना चढवेना. नाशिकच्या हॉस्पिटलात छातीतून दोनदा पाणी काढलं, तुकडा तपासला. मेसोथेलिओमा, फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणारी दोन औषधं एकत्र सुरू झाली, सलाईनमधून.

"किती जण बरे होतात?" मी विचारलं.

"बरे हा शब्द नको, काकू," डॉक्टर म्हणाले. "या औषधांच्या अभ्यासात घेतलेले पेशंट निवडलेले, धडधाकट असतात. आपल्याकडे येतात ते थकलेले, उशिरा आलेले. काहींना औषध लागूच पडत नाही. पण काहींना चांगले महिने मिळतात, काहींना वर्षंही."

वाल्मीकला औषध लागू पडलं. चार महिन्यांत पाणी काढावं लागलं नाही, स्कॅनमध्ये गाठ आक्रसलेली दिसली. पंधरा दिवसांपूर्वी मला घेऊन तो लासलगावच्या कामावर गेला. धुळीपासून लांब खुर्ची टाकून बसला आणि वर चढलेल्या सोमावर ओरडला, "जुना पत्रा फोडू नको रे! आधी पाणी मार, तोंडाला मास्क लाव. माझ्यासारखं व्हायचंय का?"

"भाऊ, तुम्ही आजारी व्हता तेच बरं व्हतं," सोमा वरून म्हणाला. "आता लय ओरडता."

वाल्मीक पोटभर हसला. हसताना एकदाही खोकला आला नाही.

मग हे पोटाचं सुरू झालं. नर्स लताबाईंनी पहिल्याच दिवशी वही देऊन बजावलं होतं, "रोज किती वेळा शौचाला झालं ते लिहा. ही औषधं कधीकधी आपल्याच आतड्यांवर उलटतात. जुलाब लागले तर घरचं काही देत बसू नका. त्याच दिवशी फोन करा, रात्र असली तरी."

आणि मी काय केलं? सहा दिवसांपूर्वी डाळिंबाच्या वाळवलेल्या सालीचा काढा दिला. आमच्याकडे सगळ्यांची पोटं त्यानेच थांबली आहेत. त्याचंही दोन दिवस थांबलं, आणि मला वाटलं, झालं. पुन्हा जुलाब लागले ते त्याने लपवलं.

संध्याकाळी मी वही त्याच्यापुढे धरली. "हे काय लिहिलंस?"

"बरोबर लिहिलंय."

"भिंत पातळ आहे, वाल्मीक. मला सगळं ऐकू येतं."

"गुरुवारी डोस हे, आई. त्यांना कळलं तर देणार नाय. चाळीवर निम्मेच पत्रे टाकून सोडले तर कांदा सडतो."

"तू कांदा आहेस का?"

तो हसला, पण पोट धरून. त्याची बायको तेजस्विनी हसली नाही. "डोळे किती आत गेलेत बघा यांचे," ती म्हणाली.

डॉक्टर आणखी एक बोलले होते. तेव्हा वाल्मीक गाडी आणायला खाली गेला होता. "त्रासामुळे औषध थांबवावं लागलं, तरी काहींमध्ये आधीच्या डोसांचा फायदा टिकतो. आतड्यांचा त्रास लवकर कळला तर बहुतेकदा गोळ्यांनी आवरतो. लपवला तर जिवावर बेततो." मी ते घरी सांगितलंच नाही. 'थांबवावं लागलं' हे शब्द मला घरात नको होते. तो ज्या भीतीने खोटं लिहितो आहे, तिच्यावरचं उत्तर माझ्याकडेच पडून होतं.

रात्रीचे साडेबारा झालेत. तो आताच सहाव्यांदा उठला. संडासाचं दार उघडलं की हे सगळं त्याला सांगणार आहे. रागावला तर रागावू दे.

वहीतला 'एक' खोडून मी 'सहा' लिहिलं, खाली काढ्याचंही लिहिलं. लताबाईंनी दिलेला नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर आहे. तो लावते आहे.